गार झाकणाचे चार नग

मीटरचा आकडा वाचायचा मान तात्यांचा होता. पण तात्यांनी चष्मा पुसण्यात इतका वेळ काढला की शेवटी वकिलानेच वाकून वाचला.

"एक पॉइंट नऊ युनिट," तो म्हणाला. "आणि नव्या नियमात बसायचं तर हवं शून्य पॉइंट नऊ. आता चहा सांगू, की आधी कारखान्याला कुलूप लावू?"

कुणी हसलं नाही. वकिलाची मुलगी हसणार होती, पण आत्याचा, म्हणजे ताईचा, चेहरा पाहून तिने हसू खोकल्यात घातलं.

चाचणीची खोली म्हणजे रंगखातं आणि गोदाम यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी. चाळीस वर्षं इथे फक्त एकच गोष्ट तपासली गेली होती : टाकी गळते का. आज भिंतीवर त्यांचा नेहमीचा पन्नास लिटरचा हीटर टांगलेला होता, पांढरा, गोलमटोल, जेवून उठलेल्या माणसासारखा. काल दुपारी चार वाजता त्यात पाणी भरलं, तापवलं आणि नळ बंद करून त्याला तसाच सोडला. त्यानंतर कुणी अंघोळ केली नाही, कुणी हातसुद्धा धुतला नाही. चोवीस तास हीटर नुसता स्वतःला गरम ठेवत बसला, आणि बसल्या बसल्या त्याने किती वीज खाल्ली ते मीटरने मोजलं. नवा नियम एवढंच विचारत होता. पुढच्या वर्षापासून पन्नास लिटरच्या ज्या हीटरचा आकडा शून्य पॉइंट नऊच्या वर, तो दुकानात ठेवायचाच नाही. जो पास होईल त्याच्या पोटावर रंगीत पट्टी चिकटवायची, लाल ते हिरवी, म्हणजे घेणाऱ्याला लांबूनच कळेल की हा किती खादाड आहे.

"ताई, मी तुला दोष देत नाही," वकील म्हणाला. (हे वाक्य तो दोष द्यायच्या आधी नेहमी म्हणतो.) "पण ठरलं होतं तसं होऊ दे. तात्या, तुमचा शब्द होता."

तो खरा वकील नव्हताच. तो विक्री बघायचा. सातव्या वर्षी त्याने फुटलेल्या ग्लासबद्दल टेबलावर आरोप ठेवला आणि टेबल उतरतं असल्याचं सिद्धही केलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्याचं म्हणणं महिनाभर एकच : बनवणं बंद करू, एका मोठ्या कंपनीकडून पट्टी लावलेले तयार हीटर आणू, वर आपलं नाव टाकू आणि विकू. या घरात कारखान्याचा निर्णय तिघांत होतो, तात्या, त्यांची मुलगी ताई आणि मुलगा वकील, आणि दोन मतं पुरतात. तात्यांनी सांगून टाकलं होतं की आकडा नापास झाला तर माझं मत वकिलाला.

तात्या अजून चष्माच पुसत होते.

ताई मीटरकडे बघत होती. सव्वीस वर्षं ती या कारखान्यात रोज सकाळी पहिली येत होती. प्रेसचा आवाज ऐकून तिला कळायचं की आज साचा सैल आहे, वेल्डिंगचा वास आला की कळायचं की कोण वेल्डिंग करतंय. एकतीस माणसं तिला ताई म्हणायची, त्यांतली निम्मी तिच्यापेक्षा वयाने मोठी. आता दोन मतांत हे सगळं गोदाम होणार होतं, आणि तिला आतून राग येण्याऐवजी एक विचित्र प्रश्न कुरतडत होता. एक पॉइंट नऊ. एवढी उष्णता जाते कुठे? खोली तर काही तापलेली नव्हती.

"उद्या बसू आणि कागद करू," वकील म्हणाला.

"बाबा, एक विचारू?"

"नको."

"हा पास होत नाही ते कळलं. पण का होत नाही?"

या मुलीला घरात 'चौकशी' म्हणतात. पंधरा वर्षांची आहे. आधी लाडाने 'चौकशी खिडकी' म्हणायचे, मग खिडकी गळून पडली. गेल्या वर्षापर्यंत ती प्रश्न विचारून लगेच 'सॉरी' म्हणायची. हल्ली म्हणत नाही, आणि घराला अजून त्याची सवय व्हायची आहे.

"का म्हणजे? जुनं डिझाइन आहे."

"ते डिझाइन कधीचं आहे, हे झालं. का हे नाही झालं."

ताईने मान वर केली. तात्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला.

"बाबा, तुमच्या टेबलाच्या खणात चॉकलेटं आहेत ना, दुकानदारांना द्यायची?"

"तुला आत्ता चॉकलेट हवंय?"

"मला अठरा हवीत."

*

वकिलाला वाटलं होतं की पोरगी दोन मिनिटांत कंटाळेल. चॉकलेटचे पातळ चौकोन तिने चिकटपट्टीने हीटरवर लावले. पोटावर आठ, पाठीशी चार, खाली बुडाला दोन, वरच्या झाकणावर तीन. एक उरलं, ते खायला तोंडापर्यंत नेलं, मग विचार बदलून झाकणातून निघून सरळ छताकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर लावून टाकलं.

"जिथे वितळेल तिथून उष्णता पळते," ती म्हणाली. "चॉकलेट हातात वितळतं, म्हणजे अंगाएवढी ऊब पुरे."

"शाळेत हे शिकवतात?"

"नाही. शाळेच्या दप्तरात एकदा वितळलं होतं."

चौघं स्टुलं घेऊन बसले. खरं तर वकिलाला दोन फोन करायचे होते. पण समोर अठरा चॉकलेटं भिंतीवर बसलेली आणि त्यांतलं पहिलं कोण पडणार हे न बघता उठून जाईल असा माणूस अजून जन्मला नसावा. त्याने मनात पाठीमागच्या चारांवर पैज लावली.

झाकणावरची तिन्ही चार मिनिटांत गेली. वितळली म्हणजे अशी की तपकिरी ओघळ पांढऱ्या पत्र्यावरून खाली आले. पाइपवरचंही घसरून खाली पडलं, पण पट्टी नीट चिकटली नसणार असं सगळ्यांनी धरलं. पोटावरची, पाठीमागची आणि बुडाची मात्र बसूनच. पंधरा मिनिटं झाली तरी कडा तशाच टोकदार.

ताई उठली. झाकणावर तळवा ठेवला, मग पोटावर ठेवला.

"झाकणाखाली फोम नाही," ती म्हणाली. "बाजूंना आहे, बुडाला आहे. वर नाही."

"मुद्दाम नाही," तात्या म्हणाले. आकडा वाचल्यापासून त्यांचं हे पहिलं वाक्य. "तो आपला हात आहे."

ते समजायला या घरात लहानाचं मोठं व्हावं लागतं. कारखान्यातून हीटर बाहेर पडायच्या आधी पॅकिंगचा माणूस एकदा तो तापवतो आणि झाकणावर हात ठेवून दहापर्यंत मोजतो. ऊब लागली तर पास. नाही लागली तर खडूने फुली मारून परत. पहिल्या वर्षी तात्यांनी स्वतः ही रीत घालून दिली, कारण तेव्हा कॉइल वरचेवर जळायची आणि मीटर वगैरे कुणाकडे नव्हतं. पुढे तीच रीत दुकानात गेली. वकील प्रत्येक दुकानदाराला सांगायचा की गिऱ्हाइकाचा हात धरा आणि झाकणावर ठेवा, बाकी बोलू नका. लोक खूश व्हायचे. कुणी वर टॉवेल वाळवायचं, कुणी मोजे. अशी ऊब दुसऱ्या कुणाच्या हीटरला नाही, असं सगळे म्हणायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"म्हणजे," चौकशी सावकाश म्हणाली, "जी उष्णता पाण्यात राहायला हवी, ती बाहेर आली की आपण त्याला पास करतो?"

चौकशीने पत्र्यावरचा एक ओघळ बोटाने पुसला.

"आणि जो आत ठेवतो त्याला नापास?"

"असा कुणी आलाच नाही नापास व्हायला," वकील म्हणाला.

"चार आले होते," ताई म्हणाली.

*

ते चार नग बारा वर्षांपूर्वीचे. तेव्हा ताईने झाकणाखाली चार बोटं फोम भरून चार हीटर बनवले होते, कुणालाही न सांगता, बघू या म्हणून. पॅकिंगला गेले. माणसाने हात ठेवला, दहापर्यंत मोजलं, पंचवीसपर्यंत मोजलं, आणि चारही फुली मारून परत पाठवले. 'झाकण गार. नापास.' ती तात्यांकडे गेली. तात्या म्हणाले, गिऱ्हाइकाला हाताला काय लागणार? ती भावाकडे गेली. भाऊ म्हणाला, ताई, फोमने महाग होणार आणि वरून गार लागणार, म्हणजे जास्त पैसे घेऊन कमी देतोय असं दिसणार, शेजारच्या दुकानात तर दुसरा गरम झाकणाचा उभाच असेल. दोघांचंही बरोबर होतं. हेच तिला तेव्हा सहन झालं नव्हतं. तीन नग तिने स्वतः उघडले आणि फोम काढून परत जोडले.

"आणि चौथा?" तात्यांनी विचारलं.

"माझ्या न्हाणीघरात आहे."

"नापास माल घरी नेलास?" वकील म्हणाला.

"बारा वर्षं अंघोळ करतेय त्याच्यावर. काही तक्रार नाही त्याची."

"आम्हाला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही हात लावून बघितला असतात."

तात्या हसले. अगदी थोडं, पण ताईने पाहिलं, आणि वकिलानेही पाहिलं. वकिलाला कळलं की एक मत जरासं हललं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यालाही त्या चौथ्याचा आकडा ऐकायचा होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "एक दिवस. आणा त्याला. नापास झाला तर कागद."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हीटर जिन्यावरून उतरवताना वकिलाने एक टोक स्वतः धरलं आणि प्रत्येक पायरीला एक मुद्दा मांडला. वजन जास्त आहे. रंग पिवळा पडलाय. हा लावायला फिटर दोन लागतील. ताई दुसऱ्या टोकाला होती आणि फक्त 'डावीकडे' आणि 'थांब' एवढंच म्हणत होती. चार वाजता पाणी भरलं, मीटर शून्यावर आणला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता चौकशी शाळेतून थेट तिथेच आली, दप्तरासकट, धापा टाकत. आज चष्मा पुसला नाही. तात्यांनी स्वतः वाकून वाचलं.

"एक पॉइंट दोन."

वकिलाने ओठ आवळले. ताई हातातलं फडकं घडी घालायला लागली, मग परत उघडायला लागली. एवढं करून एक पॉइंट दोन. बारा वर्षं तिने मनात धरलं होतं की जगात एक तरी गोष्ट आपण बरोबर केली आणि लोकांनी ऐकली नाही. आता कळत होतं की तीही पुरती बरोबर नव्हती. गंमत म्हणजे हे लक्षात आल्यावर तिला जरा हलकं वाटलं.

"नापास," वकील म्हणाला. पण विजयाचा आवाज काढायला तो विसरला. "ताई, हे... अजून कुठून जातंय?"

"चॉकलेटं आहेत?" तात्यांनी विचारलं.

यावेळी चार पुरली. झाकणावर एक, ते गप्प बसलं. पोटावर एक, तेही बसलं. चौकशीने बाकीची दोन पाइपवर लावली, एक झाकणाजवळ, एक हातभर वर, आणि यावेळी पट्टीचे तीन वेढे दिले. दोन्ही वितळली. हातभर वरचंसुद्धा.

"पण नळ बंद आहे," वकील म्हणाला. "पाणी हलतच नाहीये पाइपात. मग तो वरपर्यंत गरम कसा?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने पाइपकडे पाहिलं, खालून वर, मग वरून खाली. मग खिशातून खडू काढून भिंतीवरच टाकी काढली आणि तिच्यातून सरळ वर जाणारा पाइप.

"हलतंय," ती म्हणाली. "गरम पाणी हलकं असतं, मधोमध वर चढतं. वर गेलं की गार होतं, जड होतं, आणि कडेकडेने खाली येतं. परत टाकीत. परत तापतं. चोवीस तास वर-खाली, वर-खाली. नळ बंद असला म्हणून त्याला कोण अडवणार?"

"म्हणजे आपला पाइप धुराड्यासारखा चाललाय," तात्या म्हणाले.

"मग त्याला वर जाऊच द्यायचं नाही," चौकशी म्हणाली. "आधी खाली वळवायचा. गरम पाणी आपणहून खाली कशाला जाईल?"

ताईने हाताने रेघ पुसली आणि खडूने नवी काढली. झाकणातून निघाला की पाइप लगेच वाकून वीतभर खाली, आणि मग वर. छत्रीच्या दांड्यासारखा.

"एवढंच?" तात्यांनी विचारलं.

"एवढंच. वीतभर जास्त तांबं."

"हे आपल्याला चाळीस वर्षांत सुचलं का नाही?"

ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. भिंतीपाशी जाऊन त्यांनी खडूच्या वाकणावर बोट फिरवलं, खाली आणि वर. ते मनात दुसरंच काही मोजत होते. विकलेले हीटर. त्यांतून वाया गेलेली वीज, ती बनवायला कुठेतरी जळलेला कोळसा, आणि ते सगळं कुणाच्या तरी मोज्यांखालून वर गेलेलं. माणूस वाईट काम करतो तेव्हा त्याला निदान ठाऊक तरी असतं. आपल्याला तर अभिमान होता.

"कुणी विचारलं नाही म्हणून," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक विचारायचं पाणी तापतं का. दुकानदार विचारायचा खपतो का. तुम्ही विचारायचात गळतो का. नुसता उभा असताना किती खातो, हे पहिल्यांदा त्या नियमाने विचारलं. आणि मी बारा वर्षांपूर्वी एवढी शहाणी झाले, पण मीटर मीही लावला नाही. हातच लावून बघितला, तुमच्यासारखा."

वकील स्टुलावरून भिंतीवरचं खडूचं चित्र बघत होता.

"तेव्हा मी म्हणालो होतो, शेजारी गरम झाकणाचा उभा असेल," तो म्हणाला. "आता नसेल, नाही का? नियम सगळ्यांना आहे."

"सगळ्यांना."

"म्हणजे फोमचा खर्च सगळ्यांनाच. आणि गिऱ्हाइकाला हातावर नाही, पट्टीवर दिसणार." तो स्टुलावर पुढे सरकला. "पट्टीत एकूण रंग किती?"

"पाच. त्यांतले लाल आणि केशरी आता बाद."

"पास झालो तर आपण कुठल्या रंगात?"

"आधी पास तर होऊ दे," ताई म्हणाली.

"होणारच. मी रंगाचं विचारतोय. त्या मोठ्या कंपनीचा माल पिवळ्यात आहे. मला पिवळ्याच्या वरचं काही मिळेल?"

"बाबा," चौकशी म्हणाली, "तुम्ही आत्ता कुणाच्या बाजूने आहात?"

"मी बाजू घेत नाही. मी चौकशी करतोय."

*

पाइप वाकवायला ताईला अर्धा तास लागला. पुढच्या संध्याकाळी चोवीस तास भरले तेव्हा मीटरवर शून्य पॉइंट आठ सहा होतं. वकिलाने दोनदा वाचलं, मग फोनमध्ये फोटो काढला. रंग मिळणार होता पिवळा. त्याच्या वरच्या हिरवट पट्टीला अजून शून्य पॉइंट दोन कमी हवे होते, आणि ते कुठून काढायचे यावर त्याचं आणि ताईचं तिथेच भांडण सुरू झालं. तो म्हणत होता बुडाला फोम वाढव, ती म्हणत होती भिंतीच्या पट्ट्या बघ, लोखंड थेट भिंतीला उष्णता देतं. मोठ्या कंपनीच्या तयार मालाचं नाव कुणीच काढलं नाही. मत टाकायचं राहूनच गेलं.

तात्यांनी मात्र कपाटातून मूळ ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं. कागदाचा रंग चहासारखा झाला होता. उजव्या कोपऱ्यात त्यांची चाळीस वर्षांपूर्वीची सही, आत्तापेक्षा बरीच तोऱ्यातली. कारखान्याची रीत अशी की जुनं ड्रॉइंग ज्याने काढलं त्यानेच ते बाद करायचं, आणि बदलाचं कारण लिहायचं.

"लिहा, 'नवीन नियमामुळे'," वकिलाने सुचवलं. "स्वच्छ दिसतं."

तात्यांनी पेन टेकवलं आणि बराच वेळ लिहिलं. चौकशीने खांद्यावरून वाचलं : 'वरून आणि पाइपातून उष्णता जात होती. मोजली नव्हती. आता मोजली.' खाली सही. मग आडवी रेघ, पूर्ण कागदभर, पट्टी न लावता.

मग त्यांनी ताईचं नवं ड्रॉइंग पुढे ओढलं. आजवर या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक ड्रॉइंगवर, मग ते कुणीही काढलेलं असो, 'तयार करणार' या चौकटीत तात्यांचं नाव असायचं. ते कुणी ठरवलं नव्हतं. तशीच पद्धत पडली होती. त्यांनी पेन ताईसमोर धरलं.

"नाव तुझं लिही. वाकणही तुझंच आणि फोमही."

"वाकण हिचं," ताईने चौकशीकडे बोट दाखवलं.

"मी फक्त विचारलं होतं," चौकशी म्हणाली. "आणि आत्या, तुझ्या नावाच्या पुढे अजून एक चौकट आहे. पद. तुझं पद काय आहे?"

ताईने नाव लिहिलं आणि थांबली. सव्वीस वर्षं. पगारपत्रकावर त्या रकान्यात आडवी रेघ असायची. माणसं ताई म्हणत, बाहेरचे 'मालकांची मुलगी' म्हणत. हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही नाही. तिने तात्यांकडे पाहिलं. तात्या वकिलाकडे बघत होते. वकिलाने तोंड उघडलं, आणि घराच्या इतिहासात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं.

ताईने मान खाली घातली, चौकटीत दोन शब्द लिहिले आणि कागद तात्यांकडे फिरवला.

"मुख्य अभियंता," तात्यांनी मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढला, पुसला नाही, तसाच बाजूला ठेवला, आणि तिच्या नावाखाली 'मंजूर' लिहून सही केली.